रबराच्या मळ्यातला पाऊस

जंगलातले आवाज रेकॉर्ड करते असं सांगितलं की समोरच्याला वाटतं, ही बाई डोळे मिटून झाडाखाली बसत असणार. या कामात बसायला फारसं मिळत नाही. बराचसा वेळ बांधाबांधीत जातो. ऑडिओमॉथ नावाचं आमचं यंत्र तळहातात मावतं. त्यात तीन पेन्सिल सेल, एक मायक्रोएसडी कार्ड आणि तांदळाच्या दाण्याएवढा मायक्रोफोन. ते प्लास्टिकच्या डबीत घालायचं, डबीत सिलिका जेलची पुडी टाकायची, पावसाचं पाणी मायक्रोफोनवर ओघळणार नाही अशा बेतानं तोंड खाली ठेवायचं आणि छातीच्या उंचीवर कापडी पट्टीनं खोडाला बांधायचं. देवराईत खिळा चालत नाही. पट्टी घट्ट झाली तर साल दबते, सैल राहिली तर वाऱ्यानं डबी खोडावर आपटते आणि महिनाभर फक्त टकटक रेकॉर्ड होते. सिंधुदुर्गातल्या पावसात पाण्यापेक्षा दमटपणा घात करतो. सेलच्या टोकांना हिरवट कीट चढतं आणि मायक्रोफोनच्या जाळीवर बुरशी धरते.

झाड कुठलं निवडायचं हे मी कधीच एकटीनं ठरवत नाही. आमच्यासोबत गावातले एक काका असतात. काजूच्या बागा राखण्यात त्यांचं आयुष्य गेलं. मी सरळसोट, सोयीचं खोड बघून पट्टी काढली की ते आधी वर बघतात. "हंयसर नको बांधू, बाय. हुमले आसत." वर खरोखरच पानं शिवून केलेलं लाल मुंग्यांचं घरटं असतं. कधी झाड केलड्यांच्या वाटेवर असतं. माकडांना लटकणारी डबी दिसली की ती खेचलीच म्हणून समजा.

हे सगळं चालतं दोडामार्ग तालुक्यात, तिळारीच्या खोऱ्यात. महाराष्ट्र, गोवा आणि कर्नाटक इथं एकमेकांना चिकटून आहेत. एका अंगाला गोव्याचं म्हादई अभयारण्य, दुसऱ्या अंगाला कर्नाटकातलं भीमगड, आणि मधल्या जंगलाचा सुमारे २९ चौरस किलोमीटरचा भाग २०२० साली तिळारी संवर्धन राखीव क्षेत्र म्हणून जाहीर झाला. हेवाळे-बांबर्ड्याला जायफळाच्या कुळातल्या झाडांची दलदल आहे, आणि महाराष्ट्रात तरी ती दुर्मीळ गोष्ट आहे. २००२ पासून कर्नाटकातून हत्ती इकडे येऊ लागले. गेल्या काही दशकांत डोंगरउतारावरचं जंगल तोडून रबर लावायचं प्रमाण वाढलं. त्यासाठी केरळातून लोक आले, त्यांनी जमिनी घेतल्या. पुढं स्थानिकांनीही लावलं. काजू तर आधीपासून होताच.

आमचा प्रश्न साधा होता. देवराई, काजूची बाग आणि रबराचा मळा या तीन ठिकाणी वर्षभर कोण कोण बोलतं, आणि निव्वळ आवाजावरून या जागांची तब्येत कळते का? यंत्राला सांगून ठेवलेलं असतं, दर पाच मिनिटांतलं एक मिनिट ऐक. सेकंदाला ४८,००० नमुने, म्हणजे २४,००० हर्ट्झपर्यंतचा आवाज पकडता येतो. माणसाच्या कानाची मर्यादा त्याच्या आतच संपते. या हिशेबानं एक यंत्र दिवसाला २८८ मिनिटं, म्हणजे दीड जीबीहून थोडं जास्त, साठवतं. वटवाघळं ऐकायची तर हा आकडा कित्येक पटींनी वाढवावा लागतो आणि कार्ड बघता बघता भरतं, म्हणून वटवाघळांच्या रात्री आम्ही वेगळ्या ठेवतो.

या शाखेत शिरणाऱ्या प्रत्येकाला पहिल्याच दिवशी बर्नी क्राउजची गोष्ट ऐकवली जाते. कॅलिफोर्नियातल्या सिएरा नेवाडा पर्वतात लिंकन मेडो नावाचं एक कुरण आहे. १९८८ मध्ये क्राउजनं तिथली पहाट रेकॉर्ड केली. त्यानंतर तिथं निवडक झाडं तोडली गेली. अशा तोडीनं काही बिघडत नाही असं कंपनीनं लोकांना पटवलं होतं. वर्षभरानं तो परत गेला. फोटोत कुरण होतं तसंच दिसत होतं, टेपवर मात्र पक्ष्यांचा गलबला जवळजवळ नाहीसा झाला होता. प्राण्यांचा आवाज, वारा-पाण्याचा आवाज आणि माणसाचा आवाज अशी तिहेरी विभागणी त्यानंच रूढ केली. निरोगी जंगलात प्रत्येक जीव आपापल्या वारंवारितेची पट्टी धरून बोलतो, एकमेकांवर कुरघोडी करत नाही, ही कल्पनाही त्याचीच.

गोष्ट खरी आहे आणि चांगली आहे. फक्त ती ऐकून माणसाची अशी समजूत होते की बिघडलेली जागा मुकी पडते. आमच्या खोऱ्यात असं काही घडलं नाही. रबराचा मळा भरपूर बोलतो.

आवाजाचे तास इतके असतात की सगळे ऐकणं कुणालाच शक्य नाही. म्हणून त्यांचे निर्देशांक काढतात. त्यातला बराच वापरला जाणारा म्हणजे ध्वनी-गुंतागुंतीचा निर्देशांक. इटलीतल्या संशोधकांनी २०११ मध्ये तो मांडला. त्यामागचा विचार सोपा आहे. पक्षी गातो तेव्हा आवाजाची तीव्रता क्षणाक्षणाला चढते-उतरते, मोटारीची किंवा जनरेटरची घरघर एकसुरी असते. तेव्हा प्रत्येक वारंवारितेच्या पट्टीत लगतच्या क्षणांमधला फरक मोजायचा आणि बेरीज करायची. फरक जास्त तर गुंतागुंत जास्त, आणि गुंतागुंत जास्त तर जीवांची गर्दी जास्त. निदान तसा अंदाज.

पहिल्या पावसाळ्याचे आकडे आले तेव्हा जुलै-ऑगस्टमध्ये रबराचा मळा देवराईच्या वर बसलेला दिसला. तोही थोडाथोडका नव्हे, ठळक वर. असा आलेख हाती आला की आमच्या क्षेत्रातली माणसं दोन पद्धतींनी वागतात. काही जण लगेच स्पष्टीकरण शोधतात: मळ्यात उजेड जास्त, झुडपं जास्त, म्हणून पक्षी जास्त. काही जण हेडफोन लावतात. आम्ही मळ्यातल्या फाइली उघडल्या. पाऊस धरून नसलेल्या, नुसत्या पागोळ्या गळत असलेल्या मिनिटांत एक तडतड होती, खालपासून वरपर्यंत सगळ्या पट्ट्यांत पसरलेली, कुठलाही ठेका नसलेली. स्पेक्ट्रोग्रामवर, म्हणजे आवाजाच्या चित्रावर, पातळ उभ्या रेघांचं रान माजलं होतं. बेडकांची टिकटिक अशीच रेघांची असते, पण तिला खालची-वरची हद्द असते आणि तिच्यात अंतराचा काही नियम सापडतो. इथं तसं काही सापडत नव्हतं.

काकांना हेडफोन दिला. ते दोन-तीन सेकंदांतच म्हणाले, "प्लास्टिक वाजता ता, दुसरा काय नाय."

पावसाळ्यात रबराचा चीक काढायचा असेल तर खोडावरून ओघळणारं पाणी चिकाच्या वाटीत उतरू नये म्हणून कापाच्या वर खोडाभोवती पॉलिथिनचा घेर बांधतात. मळ्यात सगळे त्याला रेनगार्डच म्हणतात. एका ओळीत शंभर झाडं असली तर शंभर घेर. वरच्या पानांतून गळणारा प्रत्येक थेंब त्यावर पडतो आणि ताशा वाजल्यासारखा आवाज येतो. लगतच्या क्षणांमधला फरक मोजणाऱ्या सूत्राला याहून आवडता आवाज नसेल. देवराईत तेच पाणी पालापाचोळ्यावर आणि शेवाळावर पडतं, त्याचा आवाज दबतो. आणि देवराईतले सिकाडा जेव्हा संध्याकाळी एकजात सुरू होतात, तेव्हा त्यांचा अखंड एकसुरी कल्लोळ या सूत्राला मोटारीसारखाच वाटतो. म्हणजे किड्यांनी जंगल भरून टाकलं की आकडा खाली, आणि प्लास्टिकवर पाणी पडलं की आकडा वर.

निर्देशांक टाकाऊ आहेत असा निष्कर्ष मी यातून काढत नाही. कोरड्या महिन्यांत, पहाटेच्या ठरावीक तासात, एकाच जागेची वर्षावर्षांची तुलना करायला ते बरे पडतात. पण दोन भिन्न जागांना एकाच आकड्यानं तोलायचं आणि त्यावर जंगलाचं प्रगतिपुस्तक लिहायचं, ही हौस सध्या फार वाढली आहे. प्रकल्पाला पैसे देणाऱ्यांना आकडा लागतो. कार्बनच्या नावानं झाडं लावणाऱ्यांना तर फारच लागतो. अशा बैठकीत मी प्लास्टिकची ती फाइल वाजवून दाखवते. लोक हसतात आणि मग विचारतात, ठीक, पण शेवटी आकडा किती?

आता जातवार ओळख पटवणारी साधनं आली आहेत. कॉर्नेल विद्यापीठाची पक्षीविज्ञान प्रयोगशाळा आणि जर्मनीतलं केमनित्स तांत्रिक विद्यापीठ यांनी मिळून केलेलं बर्डनेट आम्ही वापरतो. आवाजाचे तीन-तीन सेकंदांचे तुकडे करून प्रत्येक तुकड्यात कोणता पक्षी आहे, याचा अंदाज ते शून्य ते एकमधल्या खात्रीच्या आकड्यासह देतं. जगभरच्या सहा हजारांहून जास्त जाती त्याला शिकवलेल्या आहेत. कुटुरग्याचं दिवसभर चाललेलं कुटुर-कुटुर, भारद्वाजाचा खोल घुमारा, तांबटाची ठोकठोक, कस्तुराची पहाटेची शीळ, यांत ते सहसा फसत नाही. महिनाभराच्या रेकॉर्डिंगमधून कस्तूर नेमका किती वाजता सुरू होतो हे एका दुपारीत हाती येतं. पूर्वी यासाठी एखाद्यानं रोज अंधारात उठून वही घेऊन बसायला हवं होतं.

भृंगराज मात्र त्याला हमखास चकवतो. लांब शेपटीच्या दोन टोकांना पिसांचे झुपके मिरवणारा हा काळा पक्षी दुसऱ्यांचे आवाज काढण्यात पटाईत आहे. शिक्रा, सर्पगरुड, कधी मांजर. देवराईतल्या एका झाडापाशी आमच्या यादीत शिकारी पक्ष्यांची इतकी गर्दी झाली की तिथं लहान पाखरं जिवंत राहणंच अवघड होतं. ऐकून बघितलं तर सर्पगरुडाच्या शिट्टीला लागूनच शिक्रा, त्याला लागून बुलबुल, आणि शेवटी भृंगराजाचा स्वतःचा धातूसारखा खणखणाट. सगळं एका दमात. तीन सेकंदांचे तुकडे पाडले की ही सलगता तुटते आणि प्रत्येक तुकडा खरा वाटू लागतो. त्या यादीतल्या शिकारी पक्ष्यांच्या नोंदी मागच्या-पुढच्या अर्ध्या मिनिटासह ऐकल्याशिवाय आम्ही आता धरत नाही.

उलट बाजूनं, यंत्र जे ऐकून न ऐकल्यासारखं करतं तेही आहे. एका फाइलमध्ये बर्डनेटनं काहीच नोंदवलं नव्हतं. मी ती वाऱ्याची म्हणून बाजूला टाकणार होते. काका शेजारी सेल पुसत बसले होते. हेडफोन माझ्या गळ्यात होता, त्यातून निसटलेल्या आवाजावर ते म्हणाले, "माडगरुड गेलो वयरसून." महाधनेश. याच्या पंखांखाली हवा रोखणारी आच्छादनाची पिसं अपुरी असतात, त्यामुळे प्रत्येक फडफडीला हवा सूं करून निसटते, आणि हा आवाज बऱ्याच दुरून ऐकू येतो. पुन्हा लावलं. सूं, सूं, सूं, मग पंख पसरून तरंगल्याचा एक निवांत खंड, मग पुन्हा सूं, सूं. वाऱ्याला असा ठेका नसतो. यंत्राला शिकवलेले असतात गळ्यातून येणारे आवाज, आणि धनेश रेकॉर्डरवरून जाताना बहुधा गप्प असतो. त्यानंतर आम्ही पंखांच्या आवाजाचे नमुने वेगळे काढून त्यावर एक छोटं ओळखयंत्र तयार करायला घेतलं. नमुने निवडून द्यायचं काम काकांकडे आहे, आणि त्याचं मानधन आम्ही प्रकल्पाच्या कागदावर 'तज्ज्ञ' या खात्यात दाखवतो. या शब्दावर वरून एकदा शंका आली होती. मी ती लेखी मागितली, ती आली नाही.

हत्तींच्या बाबतीत आमचं यंत्र दुबळंच. हत्ती माणसाच्या कानाला न ऐकू येणाऱ्या खोल आवाजात आपसात बोलतात हे केटी पेन यांनी १९८० च्या दशकात दाखवून दिलं. पोर्टलंडच्या प्राणिसंग्रहालयात पिंजऱ्यांजवळ उभं असताना त्यांना हवेत एक थरथर जाणवली होती, तिथून तो शोध सुरू झाला. त्या गुरगुरीचा मूळ सूर अनेकदा २० हर्ट्झच्या खाली असतो, आणि आमच्या मायक्रोफोनचा तिथं उपयोग नाही. मात्र दोडामार्गात रात्री हत्ती कुठं आहे हे लोकांना कानानंच कळतं: भेरल्या माडाचं खोड फुटल्याचा आवाज, केळीच्या गाभ्याचा ओला करकर आवाज. मग व्हॉट्सॲपवर निरोप फिरतात आणि फटाके फुटायला लागतात.

या फटाक्यांनी आमचं दुसरं एक काम बिघडवलं. बंदुकीचा बार आपोआप ओळखून शिकारीची खबर द्यावी, अशी यंत्रणा जगात अनेक ठिकाणी बसवलेली आहे. आम्हालाही ती करा असं सुचवलं गेलं. स्पेक्ट्रोग्रामवर गावठी बंदूक आणि सुतळी बॉम्ब यांत फरक करणं महाकठीण. एकदम उसळणारी उभी रेघ, मग डोंगरावरून परत आलेला घुमारा. ज्या रात्री हत्ती केळीत असतात त्या रात्री यंत्रानं पन्नास 'शिकारी' कळवल्या, तर बिचाऱ्या वनरक्षकानं कुठं कुठं धावायचं? शिवाय मला दुसरीही अडचण आहे. ज्या गावानं झाडाला डबी बांधू दिली त्याच गावावर ती डबी पाळत ठेवणार असेल तर ते आधी गावाला सांगायला हवं. सांगितलं तर डबी राहणार नाही. आम्ही ते काम घेतलं नाही.

पाळतीचा हा विषय माझ्या डोक्यात बसला तो देवराईतल्या एका फाइलमुळे. सकाळची वेळ, पक्षी शांत होत आलेले, आणि कुणीतरी देवापुढं गाऱ्हाणं घालत होतं. कोकणातलं गाऱ्हाणं म्हणजे अडचण नावगावासकट, तपशिलासकट देवापुढं मोठ्यानं मांडायची आणि सोबतच्यांनी दर वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणायचं. त्या गाऱ्हाण्यात एका घरातली वाटणी होती, आजारपण होतं, आणखीही काही होतं. डबी मूर्तीपासून लांब, ओढ्याच्या अंगाला बांधलेली होती, पण सकाळच्या गार, स्थिर हवेत आवाज लांबवर पोचतो. दुसरं वाक्य सुरू होताच मी थांबवलं आणि फाइल पुसून टाकली. आता कार्ड आल्यावर पहिलं काम म्हणजे माणसाचा आवाज असलेली मिनिटं यंत्रानंच शोधून काढायची आणि न ऐकता पुसायची. रबराच्या मळ्यात यामुळे पहाटेचा बराच भाग हातचा जातो, कारण चीक चांगला वाहतो तो उजाडायच्या आधी, आणि टॅपिंग करणारी मंडळी डोक्याला दिवा बांधून, मोबाइलवर मल्याळी गाणी लावून नेमकी त्याच वेळी फिरत असतात. पहाटेचे पक्षी मोजायला गेलेल्या आम्हाला तिथं हाच तास सर्वांत कमी मिळतो. शोधनिबंध तपासणाऱ्यांना हे समजावून सांगताना पुरेवाट होते.

मग हा खटाटोप कशासाठी? माझं उत्तर काळाच्या ओघात बदललं. सुरुवातीला वाटायचं, आवाजावरून जंगलाची आजची तब्येत कळेल. आता वाटतं, आजचा आवाज मुख्यतः पुढच्यांसाठी आहे. अनामलाईच्या डोंगरांत, वालपराईच्या पठारावर चहा-कॉफीच्या मळ्यांमधले जंगलाचे तुकडे पुन्हा उभे करायचं काम नेचर कॉन्झर्व्हेशन फाउंडेशननं २००० च्या सुमारास हाती घेतलं. रोपं लावून राखलेले तुकडे, नुसते सोडून दिलेले तुकडे आणि जुनं अभंग जंगल, या तिन्हींत रेकॉर्डर लावून त्यांची तुलना करणारा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. वाचताना मला सारखं वाटत होतं, लागवडीच्या आधीचं, त्याच तुकड्यांमधलं एखादं दिवसभराचं रेकॉर्डिंग कुणाकडे असतं तर! तेव्हा इतकी स्वस्त यंत्रं नव्हतीच. आमच्याकडे ती आहेत. आम्ही बांधलेल्या एका उताराच्या शेजारचं रान नंतर साफ झालं, तिथं चिऱ्याची खाण आली. चिरे कापणाऱ्या यंत्राची किंचाळी आमच्या फाइलींमध्ये एका सोमवारी सुरू होते. तारीख, तास, मिनिट, सगळं आहे. त्याआधीचे दोन पावसाळेही आहेत, आणि ते आता कुणालाही नव्यानं मिळवता येणार नाहीत.

ही गोष्ट गावात कशी पोचली कोण जाणे, पण ग्रामपंचायतीच्या जैवविविधता समितीकडून विचारणा आली. २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे प्रत्येक गावानं लोकजैवविविधता नोंदवही ठेवायची असते. त्यांची नोंदवही वर्षांपूर्वी कुणीतरी बाहेरच्यानं घाईत भरलेली, अर्ध्या पानांवर शेजारच्या तालुक्यातली झाडं. आता ती नव्यानं करायची ठरली आहे आणि त्यांना आमच्या नोंदी हव्यात. मिळालेल्या नमुन्यात रकाने आहेत: स्थानिक नाव, शास्त्रीय नाव, आढळाची जागा, उपयोग, पूर्वीची स्थिती, आताची स्थिती. आवाजासाठी रकाना नाही. समितीच्या बैठकीत यावर तासभर काथ्याकूट झाला. एका सदस्यानं पेन ड्राइव्ह वहीला दोऱ्यानं बांधायचं सुचवलं, त्यावर ग्रामसेवकांनी तो कोण सांभाळणार असं विचारलं. शेवटी तोडगा काकांनी काढला. प्रत्येक पानावर शेऱ्याच्या जागेत ओळ लिहायची: कुठल्या झाडाखाली, कुठल्या महिन्यात, किती वाजता उभं राहिलं की हा ऐकू येतो. पावशाच्या पानावर पहिली ओळ गेली आहे, मे महिना, शाळेमागचा आंबा, पहाटे पाचच्या आधी. माडगरुडाच्या पानावर दोन झाडांवरून वाद चालू आहे.